डॉक्टरांना फोन कधी करायचा? वॉर्डातील परिचारिकेचा निर्णय

रात्रपाळी

नमस्कार. मी यवतमाळकडच्या कपाशीच्या पट्ट्यात एका शासकीय रुग्णालयात चौदा वर्षांपासून अधिपरिचारिका आहे. पुरुष कक्षात रात्री आम्ही दोघी असतो, कधी मी एकटीच असते. ड्युटीवरचे वैद्यकीय अधिकारी त्याच वेळी अपघात विभाग, बाळंतपणे आणि पोलिसांनी आणलेली प्रकरणे सांभाळत असतात. औषध कोणते द्यायचे हा निर्णय माझा नाही. पण या माणसाजवळ डॉक्टर आत्ता यायला हवेत की सकाळच्या राउंडपर्यंत थांबता येईल, हे रात्री दोन वाजता माझ्याशिवाय दुसरे कोणीही ठरवत नाही. त्याबद्दलच या चर्चामंचावर सविस्तर लिहायचे आहे, कारण हा निर्णय एकदा माझ्याकडून फार उशिरा घेतला गेला.

फवारणीचे दिवस होते. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून श्रावण-भाद्रपद आला की आमच्या मनात धास्ती असते. हा रुग्ण पस्तिशीचा शेतमजूर होता आणि ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची फवारणी करताना त्याला बाधा झाली होती. आला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, छातीत घरघर होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाने छाती कोरडी झाली, बाहुल्या पूर्ववत झाल्या, ड्रिपचा वेग हळूहळू कमी करत आणला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या ओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवले जातात तेव्हा, मला त्याच्याबद्दल एकच शब्द सांगण्यात आला: "सुधारतोय."

रात्री दोनच्या सुमारास त्याची बायको टेबलाजवळ आली. "बाई, यायले पानी गियता येऊन नाही रायलं, अन् मान पन उचलून नाही रायले." मी गेले, उशी नीट केली, खाटेची डोक्याकडची बाजू वर केली, बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ९६, नाडी ९६, रक्तदाब १२०/८०. नाकाच्या नळीतून दोन लिटर ऑक्सिजन चालू होता. श्वास मी मोजले नाहीत. ताप-नाडी-श्वासाच्या (टीपीआर) कागदावर वरच्या सगळ्या रकान्यांत २० लिहिलेले होते. मीही २० लिहिले आणि दुसऱ्या रुग्णाचे सलाईन बदलायला गेले.

चार वाजता परत आले तेव्हा श्वास आत घेताना त्याचे पोट फुगण्याऐवजी खपाटीला जात होते. तेव्हा मोजले, तर एका मिनिटात ३२ भरले. नाडी १०८ होती, ऑक्सिजन अजून ९४ होता, आणि तो ९४ चा आकडा पाहून मी पुन्हा थांबले. पाच वाजता आकडा ८४ वर आला तेव्हा मी फोन केला. डॉक्टर धावत आले, त्यांनी श्वासनलिकेत नळी घातली, आणि आम्ही पाळीपाळीने अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत त्याला १०८ च्या गाडीने वैद्यकीय महाविद्यालयात नेले. व्हेंटिलेटरवर बरेच दिवस काढून तो घरी गेला. पण दोन ते पाच हे तीन तास माझे होते, आणि ते मी घालवले.

नंतर डॉक्टरांनी मला समजावले ते असे. ॲट्रोपिन लाळ, छातीतला स्राव आणि मंदावलेली नाडी यांवर काम करते. स्नायूंच्या शक्तीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. म्हणून छाती कोरडी आहे, बाहुल्या ठीक आहेत, तरीही विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मानेचे, गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू थकून जाऊ शकतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये या अवस्थेचे वर्णन करून तिला 'इंटरमीडिएट सिंड्रोम' हे नाव दिले. तिची पहिली खूण म्हणजे रुग्णाला उशीवरून मान उचलता न येणे, म्हणजे नेमके तेच, जे त्याच्या बायकोने मला येऊन सांगितले होते. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या माणसाचा ऑक्सिमीटर बराच वेळ चांगला आकडा दाखवत राहतो, तोवर श्वास उथळ होऊन शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो.

मी त्या रात्रीचे आकडे 'न्यूज-२' या गुणपद्धतीत बसवून पाहिले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वासांची गती, ऑक्सिजनची पातळी, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी (भान) आणि ताप या सहांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण असतात, आणि रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी दोन. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहावे. ७ किंवा जास्त झाली की ती आणीबाणी. दोन वाजता मी लिहिलेल्या आकड्यांची बेरीज ३ येते: ऑक्सिजन लावल्याचे दोन आणि नाडीचा एक. त्या वेळी त्याचे श्वास खरोखर २४ असतील, आणि मला आज तसेच वाटते, तर त्याचे दोन गुण मिळून बेरीज ५ होते. चार वाजता ती ७ होती. न मोजता लिहिलेल्या एका आकड्याने त्या माणसाला पहाटे पाचपर्यंत 'ठीक' ठरवून ठेवले.

तुमच्याकडे हा निर्णय कसा घेतला जातो? फोन केव्हा करायचा याचे काही लेखी निकष आहेत का? आणि फोनवर नेमके काय बोलता?

निवृत्त परिसेविका

रात्रपाळी, तुम्ही हे लिहिलेत हे फार बरे केलेत. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक वॉर्ड पाहिले आणि प्रत्येक वॉर्डात हा '२०' पाहिला. कुठे तो १८ असतो, कुठे २२, पण वीस रुग्णांच्या वीस ओळींत एकच आकडा, हा प्रकार सगळीकडे सारखा. ताप मोजायला थर्मामीटर आहे, नाडी आणि ऑक्सिजन यंत्रावर दिसतात, रक्तदाबाला पट्टा आहे. फक्त श्वासासाठी आपले डोळे आणि पूर्ण एक मिनिट लागते, म्हणून तेवढाच अंदाजाने लिहिला जातो. आणि माणूस बिघडायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यांत आधी तोच हलतो.

मी मुलींना अशी सवय लावत असे: नाडी पाहण्यासाठी मनगट धरायचे, नाडी मोजून झाली तरी हात तसाच ठेवायचा आणि नजर छातीवर किंवा पोटावर न्यायची. आपले श्वास कोणी मोजते आहे हे कळले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे मला मान्य नाही, कारण आजारी माणसाचा श्वास एका लयीत नसतो. आणि "मला वेळ नाही" हे कारणही मी स्वीकारले नाही. गडचिरोलीच्या खेड्यांत नव्वदच्या दशकात 'सर्च' या संस्थेने जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायकांना नवजात बाळांचे श्वास मोजायला शिकवले. मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, एवढे त्या झोपडीत बसून ओळखत, आणि त्या कामाने बाळांचे मृत्यू कमी झाले हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. खाटेवरच्या मोठ्या माणसाचे श्वास मोजणे त्याहून नक्कीच सोपे आहे.

दुसरे, ओव्हर टेबलावर बसून घेऊ नका. खाटेखाटेजवळ उभ्या राहून घ्या. जाणाऱ्या सिस्टरने "सुधारतोय" म्हटले तर "काल काय येत नव्हते आणि आज काय येते?" हे विचारा. बसून चहा प्यायला का? स्वतः कूस वळली का? लघवी किती झाली? लघवीचे विशेष सांगते. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला तासाला २५ मिलिलिटर तरी व्हायला हवी. पिशवीत चार तासांत पन्नासच दिसले तर रक्तदाब चांगला असला तरी मी गप्प बसत नसे.

आणि नातेवाइकाचे बोलणे. त्या बाईने तुम्हाला निदान सांगितले होते. ती तिसरी रात्र त्याच्या पायाशी बसून होती, तिच्याइतके त्याला कोणी पाहिले नव्हते. "आज ह्यो नेहमीसारखा नाही" असे घरचे माणूस म्हणाले की मी उठून जात असे, मग ते दहाव्यांदा का म्हणेना.

वर्धाकाठ

मी ग्रामीण भागात काम करणारा फिजिशियन आहे आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला अनेक वर्षे आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

रात्री मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य असे: "सर, अकरा नंबर थोडा सीरियस वाटतो." झोपेतला किंवा दुसऱ्या रुग्णात अडकलेला डॉक्टर त्यावर "सलाईन चालू ठेवा, बघतो" असे म्हणतो, आणि दोघांचाही समज होतो की आपण आपले काम केले. यात सिस्टरचा दोष कमी आणि आमचा जास्त, कारण काय सांगायचे हे आम्ही कधी शिकवलेच नाही. त्यावर 'एसबार' नावाची पद्धत आहे. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून तिथल्या रुग्णालयांत आली. आधी आत्ताची परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग तुमचे अनुमान, आणि शेवटी तुमची मागणी. मागच्या वर्षी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाबद्दल एका सिस्टरने मला केलेला फोन मला जवळजवळ शब्दशः आठवतो:

"सर, पुरुष कक्षातून बोलते. खाट अकरा, बावीस वर्षांचा सिकलसेलचा मुलगा. श्वास आता पूर्ण मिनिट मोजले, २८ आहेत, संध्याकाळी १८ होते. ऑक्सिजन ९७ वरून ९१ वर आला आहे, ताप १०१.५ आहे. परवा हातपाय दुखतात म्हणून दाखल झाला होता, सलाईन आणि वेदनाशामक चालू आहे. आता उजवीकडे छातीत दुखते म्हणतो. मला छातीत गुंतागुंत सुरू झाल्यासारखे वाटते. ऑक्सिजन लावला आहे, उशाकडून उंच केले आहे. तुम्ही आत्ता येऊन पाहावे, आणि तोवर सलाईनचा वेग कमी करू का ते सांगावे."

हा फोन चाळीस सेकंदांचाही नव्हता आणि मी चप्पल शोधतही थांबलो नाही. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण प्रत्येक वॉर्डात असतात. दुखण्यासाठी दाखल झालेल्या रुग्णाची छाती दाखल झाल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत बिघडते, हे पुष्कळदा घडते, आणि तेव्हा भरभर सोडलेले सलाईन फुफ्फुसांना आणखी जड करते. त्या सिस्टरने विचारलेला शेवटचा प्रश्न म्हणूनच फार मोलाचा होता. तिच्या बोलण्यात आधीचा आणि आताचा, असे दोन्ही आकडे होते, हेही पाहा. एकटा २८ मला अर्धेच सांगतो. १८ वरून २८ हे मला पूर्ण कळते.

गुणपद्धतीबद्दल थोडी सावधगिरी. न्यूज-२ सोळा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना लागू नाही. जुनाट दम्यासारख्या फुफ्फुसाच्या विकारात ज्यांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांच्यासाठी ऑक्सिजनची वेगळी पट्टी आहे, कारण त्यांना ८८ ते ९२ हेच योग्य असते. ऑक्सिमीटरचेही असेच आहे. हातपाय थंड पडलेले असतील, बोटाला मेंदी किंवा गडद नखपॉलिश असेल तर तो चुकू शकतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासात ठळकपणे दिसले.

आणि बेरीज कमी असूनही तुम्हाला काळजी वाटत असेल तर फोन करा. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका रुग्णालयात १९९० च्या सुमारास वॉर्डात धावून जाणारी आपत्कालीन पथके सुरू झाली. अशा पथकांना बोलावण्याच्या निकषांत नाडी-रक्तदाबाच्या बरोबरीने 'कर्मचाऱ्याला रुग्णाची काळजी वाटते' हा निकष आजही असतो. तो भावनेचा भाग म्हणून लिहिलेला नाही.

धानपट्टा

मी गोंदियाकडे आहे, कंत्राटी, नोकरीला एक वर्ष आणि चार महिने झाले. वर्धाकाठ सर, तुम्ही चप्पल न शोधता निघता, माझ्या पहिल्या फोनला "एवढ्यासाठी उठवता का?" असे उत्तर मिळाले होते. त्यानंतर दोन महिने मी कोणताही फोन करायचा तर आधी सीनियर सिस्टरना विचारत असे, आणि त्या नसल्या की थांबत असे.

एक प्रसंग लिहिते. पावसाळ्यात पहाटे पाचला एका बाईला आणले. जमिनीवर झोपली होती, पोटात मुरडा आला म्हणून उठली, दोन उलट्या झाल्या. अंगावर कुठे दंश नाही, सूज नाही. ॲसिडिटीचे इंजेक्शन झाले आणि माझ्याकडे वॉर्डात पाठवली. ती सारखी म्हणत होती, "बाई, डोळे जड झाले." मला वाटले झोप झाली नसेल. सहा वाजता बोलताना तिची जीभ अडखळू लागली आणि पापण्या अर्ध्यावर आल्या, तेव्हा आमच्या जुन्या मावशी म्हणाल्या, "मण्यार असंल." तोवर माझ्या डोक्यात ते आलेच नव्हते. ती वाचली. पण मला विचारायचे आहे की डॉक्टर येईपर्यंत माझ्यासारखीने स्वतःहून काय करावे आणि कशाला हात लावू नये?

रात्रपाळी

धानपट्टा, तुमच्या जागी मीही असते तर पहिल्या तासात तसेच समजले असते. मण्यारीचे असेच असते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दाताची खूण दिसत नाही, दुखत नाही, आणि पहाटे पोटदुखी घेऊन माणूस येतो. आमच्याकडे आता धानपेरणीपासून दिवाळीपर्यंत पहाटेच्या प्रत्येक पोटदुखीला तीन गोष्टी करायला लावतो. नजर वर छताकडे लावून एक मिनिट ठेवायला सांगायचे आणि पापणी गळते का पाहायचे. तोंड पूर्ण उघडायला लावायचे. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगायचे. पहिल्या वेळी ३० पर्यंत गेलेला माणूस तासाभराने १५ वर थांबला, तर आणखी कशाचीही वाट पाहायची नाही.

स्वतःहून करण्यासारखे बरेच आहे. डोके उंच करणे किंवा कुशीवर वळवणे, तोंडातली लाळ सक्शनने ओढणे, ऑक्सिजन, बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या प्रत्येक रुग्णाची साखर बोटातून पाहणे, चांगल्या शिरेत जाड सुई लावून ठेवणे, अंबू बॅग आणि योग्य मापाचा मास्क खाटेजवळ आणून ठेवणे. ही कामे फोनच्या आधी नव्हे, फोनबरोबर करायची. एकीने फोन करावा, दुसरीने हात चालवावा, आणि एकटी असाल तर मावशींना बोलवावे. सर्पदंशात दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग एकदा तिरपी करून रक्त गोठले का ते पाहायचे, हेही आपले काम. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. प्रतिविषाची बाटली लावण्याआधी अर्धा मिलिलिटर ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून ट्रेमध्ये ठेवा. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, रक्तदाब पडला, तर तेव्हा ॲम्प्यूल शोधायला वेळ मिळत नाही. ते मांडीत द्यायचे की नाही याचा स्थायी लेखी आदेश आधीच मागून घ्या. आमच्याकडे तो आहे.

हात लावू नये असे म्हणाल तर: झोपेचे किंवा शांत करणारे इंजेक्शन फोनवरच्या अर्धवट बोलण्यावर कधी देऊ नका. बरळणारा माणूस त्रास देतो म्हणून बरळत नसतो. ऑक्सिजन कमी, साखर कमी, ॲट्रोपिन जास्त, यांपैकी काही आहे का ते आधी पाहायचे.

वर्धाकाठ

एक भर घालतो. मण्यार आणि नाग यांच्या दंशात रक्त वीस मिनिटांत व्यवस्थित गोठते. ती चाचणी घोणस आणि फुरसे यांच्यासाठी आहे. नळीतले रक्त गोठले म्हणून पापण्या पाहणे सोडू नका.

आणि धानपट्टा, "एवढ्यासाठी उठवता का?" असे मीही तरुणपणी म्हणालो आहे. त्या सिस्टरने नंतर एकदा फोन केला नाही. त्याचे काय झाले ते मी इथे लिहू शकत नाही, पण ते मी विसरलेलो नाही.

आयसीयू ब्रदर

मी नागपुरात अतिदक्षता विभागात परिचारक आहे, मूळचा भंडाऱ्याचा. चर्चा चांगली चालली आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. चाळीस खाटांमागे एक सिस्टर असेल तर दर चार तासांनी चाळीस जणांचे सहा-सहा आकडे आणि त्यांची बेरीज, हे कागदावरच होणार. आज श्वासाचा रकाना जसा २० ने भरतो, तशी उद्या बेरजेची ओळ १ आणि २ ने भरेल. आणि मग डॉक्टर म्हणतील, "स्कोर तर दोन आहे, मग फोन कशाला?" हे मी प्रत्यक्ष ऐकले आहे.

पॅट्रिशिया बेनर यांनी ऐंशीच्या दशकात परिचारिका कशा घडतात याचा अभ्यास मांडला, त्यात नवीन परिचारिका नियमांवर चालते आणि मुरलेली परिचारिका रुग्णाला एकदम, अखंड पाहते, असे आहे. क्रिस्टिन टॅनर यांनी २००६ मध्ये परिचारिकेच्या निर्णयाचे चार भाग सांगितले: काहीतरी लक्षात येणे, त्याचा अर्थ लावणे, कृती करणे आणि नंतर मागे वळून पाहणे. आकडे दुसऱ्या भागात कामाला येतात. पहिला भाग, म्हणजे लक्षात येणे, यासाठी खाटेजवळ जाऊन उभे राहण्याला पर्याय नाही.

निवृत्त परिसेविका

ब्रदर, तुमचे अर्धे म्हणणे मला पटते. चाळीस जणांची बेरीज मीही करवून घेतली नसती. संध्याकाळी सात वाजता फिरताना मी सहा-सात खाटा ठरवत असे: आज दाखल झालेले, आज शस्त्रक्रिया झालेले, ऑक्सिजनवर असलेले, आणि ज्यांच्याबद्दल मला उगीच हुरहूर वाटते ते. त्यांचे दोन-दोन तासांनी, बाकीच्यांचे नेहमीप्रमाणे. चाळिसांत हे सहा कोण, हे ठरवणे हाच रात्रीचा पहिला निर्णय.

पण मुरलेली सिस्टर रुग्णाला एकदम पाहते, यावर मी तितका विश्वास ठेवत नाही. रात्रपाळी चौदा वर्षे मुरलेल्या आहेत आणि २० त्यांनीच लिहिला. असे शंभर रुग्ण बरे होताना पाहिले की एकशे एकावाही तसाच दिसतो. नव्या मुलीला अनुभव नसतो म्हणून मोजणी हवी, आणि जुनीला अनुभव असतो म्हणून हवी.

उपकेंद्र

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची सहायक परिचारिका-प्रसाविका आहे, मेळघाटच्या पायथ्याशी. आमच्याकडे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हीच मोठी भीती. तरुण बाईचा रक्तदाब बराच वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून केवळ रक्तदाबावर मी विसंबत नाही. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्याने भागायचा, उत्तर ०.९ च्या पुढे गेले तर गाडी बोलवायची. भागाकार जमला नाही तरी नाडी वरच्या आकड्याच्या पुढे गेली, उदाहरणार्थ नाडी ११८ आणि रक्तदाब १००, हे डोळ्यांनी दिसते. आमचा रस्ता दीड तासाचा आहे, त्यामुळे आमचा निर्णय तुमच्यापेक्षा दीड तास आधी व्हावा लागतो. पदर, चटई, खाली टाकलेले लुगडे, हे सगळे उचलून पाहते, कारण रक्त झिरपून खाली गेलेले असते.

कपाशीवाला

मी परिचारिका नाही, शेतकरी आहे. माझ्या भावाला मागच्या भाद्रपदात फवारणीची बाधा झाली होती. दुसऱ्या रात्री तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या की दर तासाला याला मान उचलायला लावा, पाणी पाजून पाहा, आणि जमले नाही तर मी जेवत असले तरी हाक मारा. मला तोवर वाटत होते की आपण नुसते बसायला आहोत. मी रात्रभर मोबाइलचा गजर लावून ते केले. भावाला तसे काही झाले नाही. आज त्या मागचे कारण समजले, ताई.

रात्रपाळी

कपाशीवाला दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या अधिसेविकांना वाचून दाखवला.

महिनाभराने परत लिहिते आहे. इथल्या चर्चेतले मुद्दे घेऊन मी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेले होते. फोनच्या वर भिंतीवर आता एक कागद आहे, त्यावर अधिकाऱ्यांची सही आहे, आणि तेच महत्त्वाचे, कारण आता फोन करणे हा माझा आगाऊपणा राहिला नाही. श्वास २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी. ऑक्सिजन ९१ किंवा कमी. वरचा रक्तदाब ९० किंवा कमी. नाडी १३१ किंवा जास्त, अथवा ४० किंवा कमी. शुद्धीत नवा बदल. यांतले एक दिसले तरी फोन. खाली हाताने लिहिले आहे: "फवारणी व सर्पदंश: मान, पापणी, गिळणे, एका श्वासातले आकडे." आणि त्याखाली: "सिस्टरला काळजी वाटते." पंधरा मिनिटांत कोणी आले नाही तर दुसरा नंबर कोणाचा, तोही लिहिला आहे. फोनची वेळ आणि फोनवर मिळालेला आदेश परत वाचून दाखवून केसपेपरवर लिहायचा, हे ठरले आहे.

मागच्या गुरुवारी पुन्हा फवारणीचा तिसऱ्या दिवसाचा रुग्ण होता. संध्याकाळी एका श्वासात २८ पर्यंत मोजले, रात्री अकराला १५ वर थांबला. श्वास २६, ऑक्सिजन ९८. मान उशीवरून दोन बोटेच उचलली गेली. मी अकरा दहाला फोन केला. डॉक्टर आले, आधी ९८ पाहून माझ्याकडे पाहिले, मग स्वतः त्याला मान उचलायला लावली. मध्यरात्रीच्या आत तो नळी घालून, शांतपणे, धावपळ न करता गाडीत होता. त्याची बायको बरोबर होती, आणि गाडी निघण्याआधी मी तिला कोणत्या वॉर्डात विचारायचे ते कागदावर लिहून दिले.

धानपट्टा

आज ओव्हर खाटांजवळ उभ्या राहून घेतला, पहिल्यांदाच. खाट नऊचे श्वास मी आणि सीनियर सिस्टरने एकाच वेळी, वेगवेगळे मोजले. कागदावर १८ होते. त्यांचे २७ भरले, माझे २६. फोन मी केला आहे, आकडे सांगितले, डॉक्टर निघाले आहेत.